रत्नाक्काचा बुरूज

रत्नाक्कानं बुरजाला पहार घातली तेव्हा माझ्या हातात चहाची कपबशी होती. कपाचं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. बशीचा अर्धा तुकडा मात्र माझ्याकडं आहे. कोल्हापुरातल्या घरी टेबलावर टाचण्या ठेवायला तो वापरतो. बायको दर दिवाळीला तो टाकायला काढते, आणि मी दर दिवाळीला कचऱ्यातून परत उचलून आणतो. "एवढं काय हाय त्यात?" असं ती विचारते. त्यात काय आहे हे सांगायचं तर रत्नाक्कापासून सुरुवात करावी लागते, आणि मी सुरुवात केली की घरातली माणसं एकेक करून कामाला लागतात. म्हणून आता लिहूनच काढतो. कागद उठून जात नाही.

आमचं गाव पंचगंगेच्या काठचं, कोल्हापूरपासून एस.टी.नं तासाभरावर. गावाच्या मधोमध एक उंचवटा आहे, त्याला गढी म्हणतात. राजांनी डोंगरावर किल्ले बांधले, तशा गावोगावच्या सरदार-इनामदारांनी सपाटीवर या गढ्या बांधल्या. चार कोपऱ्यांना चार बुरूज, मधे राहती घरं, एक आड, धान्याची पेवं, आणि शत्रू आलाच तर बंदूक रोखायला भिंतीत तिरकी भोकं. आमच्या गढीत हे सगळं होतं म्हणतात. कुणी बांधली, कुणाच्या काळात, याची गावात जितकी माणसं तितकी उत्तरं आहेत. बांधणाऱ्यांचं घराणं कधीच गाव सोडून गेलं. माझ्या पिढीनं जी गढी बघितली ती म्हणजे चार बाभळी, एक बुजलेला आड, कमरेइतकी उरलेली भिंत आणि नैऋत्येचा एकटा बुरूज. बाकीचे तीन बुरूज पावसानं, रस्त्यानं आणि गावानं मिळून खाल्ले. या चौथ्याच्या अंगावरचे घडीव काळे दगडही लोकांनी काढून नेले होते. उरला होता आतला पांढऱ्या मातीचा गाभा, दोन पुरुष उंच आणि उघडानागडा.

त्या बुरजाला टेकून रत्नाक्काचा गोठा होता.

गढीशी तिचा रक्ताचा, जमिनीचा किंवा कागदाचा काडीचा संबंध नव्हता. ती जैन शेतकऱ्याच्या घरातली, कर्नाटकाच्या हद्दीकडच्या गावातून इथं दिलेली. नवरा लवकर गेला. दोन मुली नांदायला गेल्या. मागं राहिलं अर्ध्या एकराचं रान, एक म्हैस आणि हा बुरूज. दर वर्षी पाडवा झाला की ती बुरूज लिंपायला घ्यायची. अठराव्या वर्षी सासूनं हातात मातीचा पहिला गोळा दिला तेव्हापासून. मी एकदा फार भारावून विचारलं होतं, "आक्का, इतिहासाची एवढी आवड तुला कुठनं लागली?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझी पदवी परत करावीशी वाटली.

"कसला इतिहास? बुरूज पडला तर कुठं पडंल?"

"कुठं?"

"माझ्या म्हशीवर पडंल की!"

विषय संपला. रत्नाक्काजवळ विषय फार लवकर संपायचे. उंचीनं बेताची, अंगानं काटकुळी, पण आवाज असा की गढीवरनं बोलली तर नदीवर धुणं धुणाऱ्या बाया "ओ!" म्हणून उत्तर द्यायच्या. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखी तीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. सूर्य बुडायच्या आत जेवणार म्हणजे जेवणार. त्यामुळं दुपारनंतर तिच्याशी कसलंही बोलणं चाललेलं असो, तिचा एक डोळा आभाळाकडं असायचा. एकदा गावात भांडण लागलं होतं, दोन्हीकडची माणसं तावातावानं तिच्याकडं न्याय मागायला आली. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "दिवस गेला खाली. उद्या भांडा." आणि आत जाऊन भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी कुणी आलंच नाही.

लिंपायची तिची रीत ठरलेली. परड्यात खड्डा. त्यात पांढरी माती, शेण, भाताचं तूस. आठ दिवस ते मुरत ठेवायचं आणि रोज पायानं तुडवायचं. मग शिडीवर चढून हातानं लावायचं. थापी तिनं कधी हातात धरली नाही. मृग निघायच्या आत उसाच्या पाल्याची झडप विणून बुरजाला बांधायची, म्हणजे पावसाची झड थेट मातीवर येत नाही. पावसाळाभर आमचा बुरूज घोंगडं पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसायचा.

आणि लिंपायच्या आधी, न चुकता, ती काठीनं बुरजाला तीन वेळा ठोकायची.

"उठा बाबांनो. लिंपायलोय."

हे पाली, मुंग्या, विंचू, चिमण्या यांना उद्देशून असायचं. चिमणीचं घरटं असलेलं भोक ती पिल्लं उडेपर्यंत लिंपायची नाही. आणि बुरजाच्या बुडाला घुशींची चार-पाच मोठी बिळं होती, ती तर तिनं कधीच बुजवली नाहीत. घुशी म्हणजे मांजराच्या बरोबरीनं चालणारे उंदीर. त्या रोज माती उकरून बिळाबाहेर ढीग घालायच्या. सगळं गाव तिला सांगायचं, औषध घाल. मी तर कोल्हापूरहून औषधाची पुडी घेऊनच गेलो. शहरात नोकरी लागली की माणसाला गावाकडच्या लोकांना शहाणं करायची एक खाज सुटते, तसं झालं होतं मला. आक्कानं पुडी उघडून वास घेतला, परत घडी घातली आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली.

"तूच खा," म्हणाली. "त्यास्नी बी घर लागतंयच की."

माझ्या वडिलांना, आप्पांना, सगळं गाव टरकून असायचं. तलाठीसुद्धा आमच्या दारावरून जाताना सायकलवरून उतरायचा. अशा माणसाची रत्नाक्कानं काय दशा केली ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. माझं लग्न होऊन वर्ष झालं असेल. गढीची पांढरी माती उसाला फार चांगली असते, ही आमच्याकडची जुनी समजूत. शेकडो वर्षांची वस्ती, राख, शेण, सगळं मुरलेलं. गावोगावच्या गढ्या अशाच ट्रॉलीत बसून उसात गेल्या. आप्पांनी एक दिवस आक्का लेकीकडं गेलेली बघून बुरजाच्या कडेची एक ट्रॉली माती भरून आणली आणि सरीत पसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रानात गेलो तर रत्नाक्का सरीत बसलेली. बाजूला बुट्टी. हातानं माती गोळा करून बुट्टीत भरत होती.

"आक्का, हे काय चाललंय?" आप्पांनी विचारलं.

"माती न्यायलोय."

"आमच्या रानातली?"

"रान तुमचं आप्पा. माती बुरजाची."

आप्पा काहीतरी मोठं बोलायच्या तयारीत होते. त्यांची मान फुगली होती, ती मला दिसली. तेवढ्यात ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आलाय तर बुट्टी तेवढी डोक्यावर द्या. कवाधरनं कोण गावंना उचलून द्यायला."

आणि आप्पांनी बुट्टी उचलून तिच्या डोक्यावर दिली! मी आणि आमचा गडी एकमेकांकडं बघायला लागलो. हे असं तीन दिवस चाललं. ती भरायची, आप्पा उचलून द्यायचे. चौथ्या दिवशी आप्पांनी गप बैलगाडी जुंपली आणि उरलेली माती स्वतः गढीवर नेऊन टाकली. पण कहर त्याच्या पुढं झाला. आठवड्यानं आक्का आमच्या दारात हजर, डोक्यावर बुट्टी. त्यात काळी माती.

"चाळली मी. ही तुमची काळी त्यात आलती. घ्या. आपल्यात चालत न्हाय ही. काळी माती भिताडाला तडकती."

आप्पांनी ती बुट्टीभर काळी माती मुकाट्यानं घेतली. त्यानंतर आमच्या घरात गढीचं नाव निघालं की आप्पा पाणी प्यायला उठायचे.

मातीच्या बाबतीत एवढी कडक असणारी ही बाई दगडांच्या बाबतीत मात्र अगदीच सैल. गढीचा कुठला दगड गावात कुणाच्या घरात आहे, हे तिला तोंडपाठ होतं. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला ती आली, तर देवाच्या पाया पडायच्या आधी उंबऱ्यापाशी वाकली. "ह्यो दिंडी दरवाज्याचा खालचा दगुड," म्हणाली. "ह्याच्यावर पाय देऊ नगा, वलांडून जावा. लई पाय सोसल्यात त्येनं." उंबऱ्याचा दगड नवा, पैसे देऊन आणलेला, असं आप्पांनी सगळ्या पाहुण्यांना नुकतंच सांगितलं होतं! सरपंचांच्या परड्यात धुणं धुवायचा दगड म्हणजे तटातल्या बंदुकीच्या भोकाचा. शाळेची पायरी म्हणजे सदरेची पायरी. देवळाच्या पारात निम्मा आग्नेयेचा बुरूज.

मी म्हटलं, "मग ते माग की परत."

"दगुड कुठं बी गेला तर दगुडच ऱ्हातोय," ती म्हणाली. "उंबऱ्यात असू दे न्हाईतर धुण्याला असू दे. मातीचं तसं न्हाय. माती रानात गेली, पाऊस पडला, की संपलं. वळखायची कशी?"

गावातल्या प्रत्येकाला मात्र गढीत एकाच गोष्टीचं आकर्षण होतं: भुयाराचं. आमच्या गढीतून थेट पन्हाळ्यापर्यंत भुयार आहे, त्यातून घोडेस्वार जायचे, अशी आमच्याकडची ठाम माहिती. पन्हाळा आमच्यापासून इतका लांब आहे की बसनं जातानासुद्धा माणूस वैतागतो. कुणी आक्काला भुयाराबद्दल विचारलं की ती गोठ्याच्या दाराकडं बोट करायची. "हितनं माझी म्हस सरळ भायेर पडत न्हाय, घोडी काय पडत्यात?"

असं सगळं सुखानं चाललेलं असताना ग्रामपंचायतीनं ठरवलं, की गढीची जागा सपाट करायची आणि तिथं समारंभाचा हॉल बांधायचा. बुरूज पाडायचा. सरपंच माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणं, सगळ्या गावाच्या लग्नाची सोय बघायची की एका म्हशीच्या गोठ्याची? बैठकीत आक्का फक्त एवढंच म्हणाली, "पाडाय येणाऱ्यानं आदी माझी गाठ घ्यावी." पण त्या रात्री तिनं माझ्या घरी कोल्हापुरात फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा. फोनवरही ती नदीपलीकडच्या माणसाशी बोलावं तशीच बोलायची.

"दिनू! तू शिकलाईस. कागदाचं काय तर कर!"

बायको स्वयंपाकघरातनं म्हणाली, "कोण वारलं?"

मग मी कागदाचं केलं. माझ्या हातून जे होतं ते एवढंच. विम्याच्या ऑफिसात आयुष्यभर अर्ज तपासले होते, आता एक लिहायला मिळाला. पुरातत्त्व खात्याला मी चार पानांचा अर्ज लिहिला. त्यात मी बुरजाला 'मध्ययुगीन स्थापत्याचा मूळ स्वरूपात अबाधित राहिलेला दुर्मीळ नमुना' असं म्हटलं. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं. उत्तर यायला वर्ष गेलं. मधल्या काळात मी महिन्याला एक स्मरणपत्र पाठवत होतो आणि पंचायत थांबली होती. शेवटी कळलं की एक अधिकारी पाहणीला येणार. त्यांनी 'मूळ बांधकाम शिल्लक आहे' असं लिहिलं तर बुरजाला हात लावता येणार नाही. नाही लिहिलं तर दुसऱ्या दिवशी यंत्र लावायला पंचायत मोकळी. सगळं त्या एका ओळीवर होतं.

अधिकारी आले ते चैत्राच्या शेवटी, दुपारी. विदर्भातला शांत माणूस, बोलायला अगदी मऊ. आक्कानं आठच दिवसांपूर्वी लिंपण पुरं केलं होतं. पाहुणे यायचे म्हणून यंदा जरा जास्तच मन लावून. बुरूज कसा तुकतुकीत दिसत होता. सरपंच, चार पंच, गावातली रिकामी माणसं आणि मी असे सगळे परड्यात जमलो. आक्कानं चहा केला.

अधिकारी बुरजाभोवती एक फेरी मारून आले. मग खिशातून लहानशी सुरी काढून त्यांनी एका जागी खरवडलं. जरा पुढं जाऊन आणखी एका जागी. चौथ्या जागी थांबले आणि मातीतून चिमटीनं काहीतरी ओढून काढलं. दुधाच्या पिशवीचा निळा तुकडा होता.

"हे मध्ययुगीन नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

कुणीतरी हसलं. मी चहाचा घोट घेतला, कारण दुसरं काही सुचलं नाही.

"हे तूस अजून पिवळं आहे," ते म्हणाले. "ही सगळी माती अलीकडची दिसते. आक्का, हे कुणी केलं?"

"मी." आक्का अभिमानानं म्हणाली. "चाळीस-पन्नास वर्सं झाली. दर साली लिंपतो."

अधिकाऱ्यांनी पिशवीतून माझा अर्ज काढला. "इथं लिहिलंय, मूळ स्वरूपात अबाधित." त्यांनी ते वाक्य सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. इतकं वाईट वाक्य मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. "मूळ भाग कुठंय यातला? मला जुनं दिसल्याशिवाय जुनं आहे असं लिहिता येत नाही."

"जुनं आत हाय," आक्का म्हणाली.

"असेल. पण मला दिसलं पाहिजे."

सरपंच म्हणाला, "साहेब, म्हंजे न्हायच की मग. लिवा तसं."

आक्कानं एकदा सरपंचाकडं बघितलं, एकदा बुरजाकडं. मग गोठ्यात गेली आणि पहार घेऊन बाहेर आली. मला वाटलं सरपंचाच्या डोक्यात घालते. खरं सांगतो, मी दोन पावलं मागं सरकलो. तिनं बुरजाजवळ जाऊन पहारीच्या टोकानं तीन वेळा ठोकलं.

"उठा बाबांनो," म्हणाली. आणि पहार घातली.

जी बाई माझ्या बापाच्या उसातून मातीचा कण न् कण वेचून परत घेऊन गेली, तीच बाई आठ दिवसांपूर्वी हातानं लिंपलेला बुरूज फोडत होती. इथंच कपबशी गेली. अधिकारी ओरडले, "अहो, थांबा, थांबा!" तिनं दुसरा घाव घातला. वीत-दीड वीत जाडीचं लिंपण गळून पडलं. "दावतो की जुनं," ती म्हणत होती. "पापुद्रा माझा हाय, आत हाय त्येंचं." तिसरा घाव. आणि तिसऱ्या घावाला पहार मातीत अडकलीच नाही. ती सरळ आत गेली. मुठीपर्यंत. आक्काचा तोल गेला आणि ती भिंतीवर आदळली. मग तिथली भिंतच आतल्या बाजूला कोसळली, अंगभर धूळ उडाली आणि त्या धुळीतून एक भली थोरली घूस बाहेर पडून सरपंचाच्या चपलेवरून निघून गेली.

समोर भगदाड होतं. आत अंधार. थंड हवेचा एक झोत आला, ओल्या मातीच्या वासाचा.

अधिकाऱ्यांनी मोबाइलचा उजेड आत टाकला. आत काही नव्हतं. गाभा नव्हता. दोन माणसं आरामात उभी राहतील एवढी पोकळी, आणि सगळ्या बाजूंनी नखांचे ओरखडे. आमचा मध्ययुगीन बुरूज म्हणजे रत्नाक्काच्या लिंपणाचं टरफल होतं.

"भुयार!" मागून कुणीतरी ओरडलं. "बगा! म्हणत हुतो का न्हाय! पन्हाळ्याचं भुयार!"

एरवी आक्कानं त्याला तिथंच गार केला असता. मी तिला तशी कधी बघितली नव्हती. हातात पहार, केसांवर माती, आणि तोंड जरासं उघडं. माझ्या मनात घुशीच्या औषधाची ती पुडी आली. मी तोंड उघडणारच होतो.

"तू बोलू नगंस," ती माझ्याकडं न बघता म्हणाली.

अधिकारी म्हशीच्या पाण्याच्या डोणीवर बसले. "ही सगळी माती गेली कुठं?" त्यांनी विचारलं, पण आपल्या मनाशीच.

"जाती कुठं?" आक्काचा आवाज खाली आला होता. "घुशी भायेर ढकलत्यात. बिळाम्होरं ढीग घालत्यात. तोच मी उचलतो, तुडवतो, आन लावतो. दुसरीकडची माती मी ह्येला लावली न्हाय. ह्या दिनूचा बा आज असता तर त्येनं सांगितलं असतं."

अधिकारी तिच्याकडं बघत राहिले. मलाही समजायला जरा वेळ लागला. पन्नास वर्षं घुशी आतला बुरूज बाहेर टाकत होत्या आणि ही तो उचलून बाहेरून लावत होती. बुरजाची एक चिमूटसुद्धा कुठं गेली नव्हती. फक्त सगळा बुरूज आतून बाहेर आला होता, तिच्या हातावरून. आणि तिला याचा पत्ता नव्हता. तिनं त्या घुशींची बिळं उघडी ठेवली नसती तर आत गाभा राहिला असता. बिळं उघडी ठेवली नसती तर लिंपायला मातीही मिळाली नसती.

आक्कानं भगदाडात हात घालून आतली भिंत चाचपली.

"मग मी कुणाला लिंपत हुतो रं?" ती म्हणाली.

मी वाकून बशीचा अर्धा तुकडा उचलला आणि खिशात घातला.

सरपंच खाकरला. "साहेब, लिवा की मग. पोकळ हाय. धोकादायक हाय."

अधिकाऱ्यांनी फॉर्म मांडीवर घेतला. मग म्हणाले, "यात दोन रकाने आहेत. एक मूळ बांधकामाचा, दुसरा नंतरच्या दुरुस्तीचा. ही माती कुठल्या रकान्यात लिहू, सांगा सरपंच?"

सरपंच चपलेवरची माती झटकायला लागला.

त्यांनी दोन्ही रकाने मोकळे ठेवले आणि खाली लिहिलं: 'पाहणी अपूर्ण'. आत किती भिंत शिल्लक आहे ते मोजायला माणूस पाठवावा लागेल, म्हणाले, आणि सध्या खात्याकडं माणूस नाही. तो येईपर्यंत बुरजाला कुणी हात लावायचा नाही. जाताना आक्काला हात जोडून म्हणाले, "आक्का, आता आणखी फोडू नका."

"मी मोडलंय त्ये मी भरतो," आक्का म्हणाली.

तो माणूस अजून आलेला नाही. पाहणी अजून अपूर्ण आहे. हॉल दुसरीकडं झाला. बुरूज उभा आहे. रत्नाक्का त्याच पावसाळ्यात गेली, झोपेत, कुणाला काही कळू न देता. फोन आला तेव्हा नदीचं पाणी रस्त्यावर चढलं होतं आणि एस.टी. बंद होती. मला पोचता आलं नाही. पाणी ओसरल्यावर गेलो तर बुरजाला झडप बांधलेली होती, तिनंच विणलेली. त्या पुढच्या पाडव्याला मी रजा काढून लिंपायला गेलो. मी लावलेलं लिंपण पहिल्या वळवालाच पोपडे सुटून खाली आलं आणि शेजारच्या बाया अजून त्यावर हसतात. आता जरा बरं बसतं. काठीनं ठोकायला मी विसरत नाही. घुशींची बिळंही तशीच आहेत. ती बुजवायची का नाही, हे मी दर वर्षी ठरवतो आणि दर वर्षी ढीग उचलून खड्ड्यात टाकतो.

पण मी तिला शेवटचं बघितलं ते पाहणीच्याच दिवशी संध्याकाळी. साहेबांची जीप गेली, माणसं भुयाराबद्दल बोलत पांगली. मी तेवढा राहिलो, शरमेनं. आक्कानं पहार गोठ्यात ठेवली, पदर खोचला, आणि भगदाडातून बुरजाच्या आत शिरली. आतून तिचा आवाज आला, घुमत, जणू फार लांबून. "चिखल तुडीव. लई पातळ करू नगंस."

मी पँट गुडघ्यापर्यंत वर करून खड्ड्यात उतरलो. गोळे करून भगदाडाशी आणून द्यायला लागलो. आत ती दिसत नव्हती. फक्त हात बाहेर यायचा, कोपरापर्यंत पांढरा. गोळा घ्यायचा आणि आत जायचा. मग आतल्या भिंतीवर तळवा फिरल्याचा आवाज. पुन्हा हात. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मी मान वर केली तेव्हा बाभळींच्या मागं सूर्य टेकला होता आणि बघता बघता गेला. मी पुरता हबकलो. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

"आक्का," मी भगदाडात तोंड घालून ओरडलो, "दिवस बुडाला! जेवण राहिलं तुझं!"

तळव्याचा आवाज थांबला. मग अंधारातून तो पांढरा हात बाहेर आला, उघडा.

"हितं आत कुठला दिवस?" ती म्हणाली. "दे गोळा."